तुम्ही विचारलंत म्हणून: लाख शिलिंगांतले हातात किती?

नैरोबीत नोकरी ठरली की पुण्या-नाशिकची मंडळी माझ्यासारख्या पगारपत्रकं करणाऱ्याला हमखास विचारतात, "ऑफर महिना लाख शिलिंगांची आहे, हातात किती पडतील?" 2025 च्या दरांनी सुमारे 71,600. हा आकडा सांगितला की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग बाकीचे गेले कुठे?"

पहिले 4,320 गेले एनएसएसएफला. तो आपल्या पीएफचा केनियातला भाऊ, मालकही तेवढेच घालतो आणि पैसे तुमच्या नावावर जमतात, म्हणून त्याचं फार दुःख नको. आरोग्य विम्याचे पगाराच्या 2.75 टक्के, म्हणजे 2,750. त्याला इथे शिफ म्हणतात. स्वस्त घरं बांधण्यासाठीची गृहनिर्माण लेव्ही दीड टक्का, 1,500. हे तिन्ही वजा करून उरलेल्या 91,430 वर प्राप्तिकर बसतो. पहिल्या 24,000 वर 10 टक्के, पुढच्या 8,333 वर 25 आणि त्यावर थेट 30. महिन्याची 2,400 ची सवलत धरूनही 19,800 च्या वर कर जातो.

यातली खरी मेख या तिसऱ्या टप्प्यात आहे. 30 टक्क्यांचा दर 32,333 शिलिंगांनंतर लगेच लागतो. रुपयांत ही रक्कम बावीस हजारांच्या आसपास. भारतात नव्या करप्रणालीत वर्षाला बारा लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळे तिकडून येणाऱ्याला इथली स्लिप पाहून घाम फुटतो. महाराष्ट्रात महिना दोनशेच्या व्यवसायकरावर कुरकुरणारे आपण!

पण माझ्या केनियन सहकाऱ्यांचा राग कराच्या दरावर नाही. हे दर त्यांच्या अंगवळणी पडलेत. राग आहे तो भोवती वाढत गेलेल्या कपातींवर. 2023 च्या जानेवारीपर्यंत एनएसएसएफ फक्त 200 शिलिंग होता. 2013 चा नवा कायदा कोर्टात अडकून पडला होता, तो फेब्रुवारी 2023 मध्ये सुटला आणि तेव्हापासून किती पगारापर्यंत ही कपात करायची ती मर्यादा दर फेब्रुवारीत चढत गेली. जुन्या आरोग्य विम्याचा हप्ता कितीही पगार असला तरी 1,700 वर थांबायचा. ऑक्टोबर 2024 मध्ये शिफ आला आणि वरची मर्यादाच गेली. गृहनिर्माण लेव्ही जुलै 2023 पासून. हायकोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली, तर सरकारने मार्च 2024 मध्ये वेगळा कायदा करून ती परत आणली. याच लाखातले 2023 च्या सुरुवातीला साधारण 76,000 हातात यायचे. लेव्ही भरली म्हणून घर मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. त्यासाठी बोमा यांगू या सरकारी घरांच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते.

"पण 2024 मध्ये पोरं करवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरली, संसदेत घुसली, मग रद्द झालं ना सगळं?" असंही विचारतात. रद्द झालं ते त्या वर्षीचं वित्त विधेयक, राष्ट्राध्यक्ष रुटोंनी त्यावर सही केली नाही. लेव्ही आणि शिफ स्वतंत्र कायद्यांतले, ते जागचे हलले नाहीत.

सगळा भार पगारदारावरच का? कारण इथले दहांतले आठाहून जास्त लोक जुआ कालीत, म्हणजे गॅरेज, टपरी, भाजीची पाटी, सुतारकाम अशा नोंद नसलेल्या धंद्यांत आहेत. त्यांच्याकडून वसुली करायची तर माणूस दारोदार पाठवावा लागेल. पगारदाराचं काम माझ्यासारखाच कुणीतरी एका क्लिकमध्ये करतो, आणि कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 9 तारखेपर्यंत सरकारजमा. नवी योजना निघाली की खुंटी तीच. मला हे अन्यायाचं वाटतं, मग रस्ते-दवाखान्यांची गरज कितीही खरी असो.

त्यात साकोचं, म्हणजे पतपेढीचं कर्जही पगारातूनच वळतं होतं. एकूण कपात पगाराच्या दोन तृतीयांशापुढे जाऊ नये असं 2007 चा रोजगार कायदा सांगतो. ही मर्यादा नुसती कागदावर असेल असं वाटतं, पण तिला जाऊन टेकलेल्या स्लिपा मी नेहमी पाहतो.

आता एक प्रश्न मला कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून मीच काढतो. घरकामाला बाई ठेवलीत तर तिचे मालक तुम्ही. नोव्हेंबर 2024 मध्ये नैरोबीत घरकामाचं किमान वेतन महिना 16,113.75 शिलिंग ठरलं. त्यावर प्राप्तिकर शून्य, पण एनएसएसएफ, शिफ आणि लेव्ही तिच्याही पगारातून जातात. वर एनएसएसएफ आणि लेव्हीचा तुमचा हिस्सा वेगळा, सुमारे 1,200 शिलिंग. स्वतःची स्लिप घेऊन माझ्याशी तासभर वाद घालणाऱ्या बहुतेकांनी तिची नोंदणीच केलेली नसते.