आंबोतिकाची मोरी: कोवळी की पिल्लू?

गोव्याच्या बाजारात हातभर मोरी (शार्क मासा) ‘कोवळी आहे, आंबोतिकाला (आंबट-तिखट कालवणाला) झकास’ म्हणून हातात ठेवतात. घेण्याआधी तिचं तोंड बघा. मुस्कट फावड्यासारखं चपटं आणि पाठीवरचा शेपटीकडचा पर अगदी बारीक असेल, तर ती छोट्या जातीची, बहुधा वाढ पूर्ण झालेली मोरी. डोकं हातोड्यासारखं किंवा परांची टोकं काळी असतील, तर मात्र ते मोठ्या जातीचं पिल्लू, ते घेऊ नका. उलटी करा: छातीच्या दोन परांमध्ये बारीक चीर दिसली तर ती नाळेची खूण, म्हणजे जन्म नुकताच झालेला. हातोडी मोरी वयात यायला कैक वर्षं लागतात; बांगड्यासारखी भरपाई वर्षभरात होत नाही.

डोकं आणि पर छाटलेले तुकडे असतील तर ओळख पटणारच नाही, तेव्हा नकोच. ‘मेलेलीच आहे, घे गो बाय’ हे विकणारीचं म्हणणं खरं, पण उद्याची मागणी आजच्या विक्रीवरच ठरते.

आंबोतिक बांगड्याचंही होतं. रस्सा आधी पुरता उकळावा, मग तुकडे सोडून 5-6 मिनिटंच ठेवावेत. डाव घातला की बांगडा फुटतो, भांडंच हलवावं.