शेल आधी, ग्राइंडिंग नंतर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा घासून नीट करायचं, दुकान टाकलं तेव्हा आमचं गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. नदीकाठी उसाला पाणी देणारी आणि गुऱ्हाळावर घाणा फिरवणारी ऑइल इंजिनं यायची. वडील बेअरिंगमध्ये, म्हणजे क्रँक ज्यात फिरते त्या आधारात, व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतायचे, निळा रंग लावून क्रँक फिरवायचे आणि रंग उठेल तिथे स्क्रेपरनं खरवडून बेअरिंग बसवायचे. ती इंजिनं सावकाश चालणारी, सोशिक. थोडा कचरा, थोडं वाकडं काम पचवून टाकायची.

मी दुकानात बसायला लागलो तोवर जीप-ट्रॅक्टरचं काम वाढलं होतं. पुढे 2000 नंतर कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल फवारणाऱ्या) डिझेल गाड्या आल्या आणि आमचं गणित बदललं. टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळे, सिलिंडरमधला दाब दीडशे बारच्या आसपास जातो, आणि तो सगळा रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) वरच्या शेलवर, म्हणजे बेअरिंगच्या वरच्या अर्ध्या वाटीवर, बसतो. म्हणून अशा बऱ्याच इंजिनांत वरचा आणि खालचा शेल सारखे नसतात. वरच्यावर निर्वात चेंबरमध्ये चढवलेला कडक थर असतो, त्याला धंद्यात स्पटर शेल म्हणतात. खालचा तुलनेनं मऊ. घाईत दोन्ही उलटसुलट बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी.

आमच्या धंद्याची रीत अशी की बेअरिंग गेलं की क्रँक येते. "टेन मारा" किंवा "ट्वेंटी मारा" म्हणायचं, म्हणजे क्रँक 0.25 किंवा 0.50 मिमी बारीक करायची, अंडरसाइझ. आम्ही घासायचो, पॉलिश करायचो, बिल घ्यायचो. बेअरिंग का गेलं हे विचारायचं काम आमचं नाही, असंच सगळं मार्केट धरून चालायचं.

ती रीत मोडली एका टूरिस्ट गाडीच्या इंजिनानं. चार सिलिंडरचं टर्बो डिझेल. आधी टर्बो गेला, तरी गाडी तशीच ओढली, मग बेअरिंग जाम झालं. क्रँक आम्ही 0.25 ला घासून दिली. गॅरेजवाल्यानं नवे शेल, रिंगा, ऑइल पंप आणि रिकंडिशन केलेला टर्बो टाकून इंजिन बांधलं. दोन-अडीच हजार किलोमीटर झाले असतील, फोन आला, "मालक, क्रँक तुमच्याकडनंच घासून नेल्ती. इंजिन ठोकाय लागलंय परत."

मी म्हटलं, इंजिन इथं आणून खोला. एकही शेल पुसायचा नाही. आणि सगळे शेल हवेत, फक्त गेलेला नको.

टेबलावर कागद पसरून शेल ओळीनं मांडले, वर रॉडचे, खाली मेनचे (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरते त्या बेअरिंगांचे). तीन नंबरचा रॉड शेल पार पुसला गेला होता, पिन (क्रँकवर रॉड बसतो तो भाग) तापून निळी पडली होती. मिस्त्रीचं बोट तिथेच. पण पूर्ण जळालेल्या बेअरिंगवर वाचण्यासारखं काही उरत नाही. कारण सापडतं ते अर्धवट बिघडलेल्या बेअरिंगांवर, म्हणून मी उरलेल्या तीन रॉडांचे शेल भिंगाखाली घेतले.

आधी आमचं काम तपासलं, ते क्रमानं आलंच. न जळालेल्या पिना मायक्रोमीटरला लावल्या, साइझ बरोबर, टेपर (एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाडीतला फरक) पाच मायक्रॉनच्या आत. शेलच्या कडा घासल्या नव्हत्या, म्हणजे पिनच्या कोपऱ्यातला रेडियस (गोलवा) नीट होता. तो चुकून मोठा राहिला तर शेलची कड त्यावर चढते आणि दोन्ही बाजूंनी चकाकते. शेलच्या पाठी बघितल्या. एकसारख्या, काळे डाग नाहीत. पाठीमागे कचरा अडकला असता किंवा शेल रॉडमध्ये सैल बसले असते तर पाठीवर खुणा दिसल्या असत्या. रॉडची बोअर गोल, कॅप (रॉडचा खालचा सुटा अर्धा भाग) आपापल्या रॉडवरच. या इंजिनाचे रॉड एकच तुकडा तोडून, कॅप वेगळी करून बनवलेले असतात, तुटलेल्या कडा एकमेकींत बसतात, त्यामुळे कॅप अदलाबदल झाली की खेळ खलास.

मिस्त्री म्हणाला, ऑइल कमी पडलं असेल. मग डॅशबोर्डचा दिवा? "लागला न्हाई." त्या दिव्यावर माझा भरवसा नाही, तो अर्ध्या बारच्या आसपास लागतो, तोवर बेअरिंगचा निकाल लागलेला असतो. पण नुसतंच ऑइल तुटलं असतं तर इतर पिनांवरही उष्णतेच्या खुणा, शेलवर मेटल ओघळल्यासारखं दिसलं असतं. इथे तसं काही नव्हतं. वरच्या शेलांवर गोलाकार ओरखडे होते, बारीक, रेकॉर्डच्या तबकडीसारखे.

आणि खालच्या शेलांवर खरी गोष्ट होती. वरचा कडक शेल कचरा पोटात घेत नाही, ओरखडा खातो. खालचा मऊ, तो कण रुतवून घेतो. एकेका कणाभोवती मेटल उचललं गेलेलं आणि तेवढीच कड घासून चमकणारी, भिंगाखाली बारीक कडी दिसावी तशी. गंमत अशी की हे खालचे शेल "बरे आहेत" म्हणून बहुतेक गॅरेजमध्ये डब्यात जातात. सुईनं दोन-चार कण उकरले. चुंबकाला एकही चिकटेना, म्हणजे लोखंड नाही. काही पिवळे, काही पांढरे. पिवळे ब्राँझचे, टर्बोच्या बुशाचे (शाफ्टच्या बेअरिंगचे) असावेत. पांढरे ॲल्युमिनियमचे, जुन्या शेलचे. पहिल्या अपघाताचा माल दुसऱ्या बांधणीत पोचला होता.

तो लपला कुठं? ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे (ऑइलच्या आतल्या वाटांचे) प्लग काढून मिस्त्रीनं ब्रश मारला होता, ते त्यानं दाखवलं, काम चांगलं होतं. मी ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडल्या, कागदावर चकाकी होती. मग विचारलं, ऑइल थंड करणारा कूलर? "जुनाच. डिझेलनं धुतला की."

ऑइल कूलरच्या आत पातळ पत्र्यांचे थर असतात, त्यातल्या कोपऱ्यांत बसलेला चुरा वरून डिझेल ओतून निघत नाही. आम्ही कूलर उलट्या दिशेनं प्रेशरनं धुतला आणि पुढे पांढरं फडकं धरलं. फडक्यावर वाळूसारखा चुरा आला, त्यात तेच पिवळे-पांढरे कण. या इंजिनात ऑइल कूलरनंतर फिल्टरमधून जातं, मग फिल्टरनं अडवायला हवं होतं, असा मिस्त्रीचा मुद्दा. बरोबर होता. पण गार सकाळी ऑइल घट्ट असताना फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो, आणि तेवढ्या वेळात आलेलं न गाळता थेट बेअरिंगला जातं. टर्बोलाही त्याच गॅलरीतून ऑइल मिळतं. लाखाच्या वर आरपीएमनं फिरणाऱ्या शाफ्टला असे कण काय सहन होणार? टर्बो उघडला तर नव्या बुशावर ओरखडे आणि शाफ्टला आडवा खेळ.

मिस्त्री फडक्याकडं बघत होता. मग म्हणाला, "कूलर केवढ्याला येतोय?"

क्रँक 0.50 ला गेली. नवा कूलर, टर्बोची ऑइल लाइन नवी, रॉडचे बोल्ट नवे, कारण ते ताणून बसवायचे असतात आणि एकदाच चालतात. टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर काढून साफ केला, कारण फुटलेल्या टर्बोचे तुकडे तिथेही बसतात. सुरू करण्याआधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत नुसतं स्टार्टरवर फिरवलं.

त्यानंतर आम्ही बोर्ड लावला: टर्बो इंजिनाची क्रँक जुन्या शेलशिवाय घेणार नाही. काही जुनी गॅरेजं शेजारच्या गल्लीत गेली. "घासा म्हटलं तर घासायचं, चौकशी कशाला?" असं तोंडावर ऐकवलं. त्यांचंही एका अर्थी बरोबर, तपासायला वेळ जातो आणि त्याचे पैसे मागायला आम्हालाही सुरुवातीला जड जायचं. आता तपासणीचं बिल वेगळं होतं, काम आम्हाला दिलं तर त्यातून वजा करतो.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आलं, अनेक कंपन्यांनी लहान डिझेल इंजिनं बंदच केली. आम्हाला वाटलं धंदा बसला. झालं उलटंच. आहे ती डिझेल गाडी टिकवायची म्हणून लोक फुल इंजिन करून घ्यायला लागले. नव्या गाड्यांत धुरातली काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरमुळे वेगळंच दुखणं, तो फिल्टर काजळी जाळून साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, वास घ्या.

सध्या पोरगा अल्ट्रासॉनिक वॉशिंगचं मशीन घ्यायचं म्हणतोय, कूलर धुवायला. मी त्याला सांगितलंय, मशीन ब्लॉक आणि हेडसाठी घेऊ. बेअरिंग फुटलेल्या इंजिनाचा कूलर मात्र या दुकानातून धुऊन जाणार नाही, भंगारातच जाईल.