काउंटरखालची वही

सकाळी साडेसहाची पाळी बदलत होती. गोदामात नवी संगणकप्रणाली सुरू होऊन सहा दिवस झाले होते आणि अहवालात सगळं ठीक दिसत होतं: प्रत्येकाचं लॉगिन झालेलं, प्रशिक्षण पूर्ण, आवक-जावक नोंदी वेळेवर. तरी प्रत्येक गाडी भरायला पूर्वीपेक्षा बारा-पंधरा मिनिटं जास्त लागत होती. अशा बदलांत माणसांची बाजू बघणं हे माझं काम. ही मिनिटं जातात कुठे, ते पाहायला मी काउंटरपाशी उभी होते.

रात्रपाळीच्या स्टोअरकीपरनं टॅब दिवसपाळीच्या हवाली केला आणि खाली वाकून जाड पुठ्ठ्याची लांबट नोंदवही काढली. सहा दिवसांपूर्वी बंद केलेली तीच वही. प्रत्येक नोंद आधी वहीत आणि मग टॅबवर, अशी दोनदा होत होती. मिनिटं तिथे जात होती.

मी वही मागितल्यावर दोघेही गप्प झाले. पानाच्या उजव्या कडेला शेवटचा रकाना होता, 'शेरा'. 'रॅक ७, खालून तिसरी पेटी ओली, वर माल ठेवू नये.' 'काटा २०० ग्रॅम जास्त दाखवतो.' नव्या स्क्रीनवर तारीख, बॅच, नग, जागा सगळं होतं, शेरा नव्हता. रकाने ठरवताना नमुन्याची पानं पाहिली, तेव्हा तो बहुतेक ओळींत कोरा होता म्हणून गाळला गेला. बैठकीला महिनाअखेरचे आकडे बघणारे होते, शेरा वाचून रात्र काढणारे नव्हते. त्या यादीवर माझीही सही होती.

व्यवस्थापकांचं पहिलं म्हणणं, वह्या आजच जमा करा. मी त्यांना थांबवलं. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविननं १९४०च्या दशकात मांडलेला मुद्दा अशा वेळी फार उपयोगी पडतो: पुढे ढकलणारा जोर वाढवला की ताण वाढतो, म्हणून आधी अडवणारं कारण काढावं. वही जप्त केली असती तर ती काउंटरखालून खिशात गेली असती, आणि मग ती आम्हाला दिसलीही नसती. पायजमे शिवणाऱ्या एका अमेरिकी कारखान्यातला कॉच आणि फ्रेंच या संशोधकांचा १९४८ सालचा अभ्यासही त्यांना सांगितला. कामाची पद्धत फक्त जाहीर करून बदलली त्या गटातली १७ टक्के माणसं चाळीस दिवसांत काम सोडून गेली. सगळ्यांना आखणीत घेतलं त्या गटांतून कुणीही गेलं नाही.

सव्वासातला दोन्ही पाळ्या उभ्यानंच जमल्या, वीस मिनिटांसाठी. व्यवस्थापकांनी सुरुवात केली, "शेऱ्याचा रकाना आमच्या नजरेतून सुटला. चूक आमची." याला मी नेतृत्व म्हणते, त्याआधी खाली बघणारी माणसं त्या वाक्यानंतर वर बघू लागली. मग एकच प्रश्न: वही गेली तर तुमच्या हातून काय जातं? 'अडचण काय आहे?' असं विचारलं की स्कॅनरच्या तक्रारी येतात. उत्तरं त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायची आणि तिथल्या तिथे एकालाही खुलासा द्यायचा नाही. हे जमणं अवघड असतं, कारण खुलासा जिभेवर तयार असतो.

अकरा उत्तरं आली. बहुतेक स्क्रीनबद्दल होती. एक मात्र सर्वांत जुन्या स्टोअरकीपरचं होतं, "पूर्वी काही अडलं की पोरं मला विचारायची. आता टॅबमध्ये बघतात." यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नव्हता. अशा बदलांवर लिहिणारे अमेरिकी लेखक विल्यम ब्रिजेस बदल आणि संक्रमण, म्हणजे माणसांनी तो मनानं स्वीकारणं, वेगळे मानतात ते इथे पटतं: बदल ठरल्या तारखेला होतो, संक्रमणाची सुरुवात मात्र काहीतरी संपल्याची कबुली दिल्यावर होते. त्या माणसाचा मान संपत होता, आणि ते कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

त्याच सकाळी ठरलं ते असं. वही चौदा दिवस चालेल, पण काउंटरवर, उघडपणे, आणि तिच्यात फक्त शेरे लिहायचे. वही बंद करायची तारीख आत्ताच जाहीर. तारीख नसली की दोन्ही पद्धती वर्षानुवर्षं चालतात. स्क्रीनवर शेऱ्याला मोकळी जागा द्यायची, तयार पर्यायांची यादी नाही, कारण यादी दिली की सगळे 'इतर' निवडतात. पुढच्या पाळीनं 'वाचलं' दाबल्याशिवाय पुढची नोंद उघडणार नाही. आणि कुठलाही शेरा मिटवायचा अधिकार त्या जुन्या स्टोअरकीपरकडे. समजूत काढायला दिलेलं पद नव्हतं ते; कुठली पेटी खरंच सुकली हे त्यालाच ठाऊक असायचं.

मोकळी जागा तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर आली. चौदाव्या सकाळी वहीत दोनच शेरे होते आणि दोन्ही स्क्रीनवरही होते. जुन्या स्टोअरकीपरनं पट्टी ठेवून खाली रेघ मारली, 'चार्ज दिला, ६.४०' असं लिहून सही केली. काट्याची दुरुस्ती तोवर झाली नव्हती. तो शेरा त्यानं उघडाच ठेवला.