‘झोपू दे, उतरेल’ हे हॉस्टेलवरचं सर्वांत धोकादायक वाक्य

पुण्यात हॉस्टेलचं गेट रात्री बंद होतं, म्हणून ‘क्वार्टर’ घाईघाईत संपवली जाते. 180 मिलीच्या त्या बाटलीत (42.8 टक्के) साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला 7-8 ग्रॅमच निस्तरतं. म्हणजे आठेक तास! पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. त्यामुळे गाढ झोपलेल्याची अवस्था आणखी बिघडू शकते.

चिमटा काढूनही जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, ओठ-नखं निळसर: यातलं एकही दिसलं तर 108. तोवर कुशीवर झोपवा, वरचा गुडघा दुमडून पुढे, तोंड किंचित जमिनीकडे. उताणा ठेवला तर उलटी श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, घशात बोटं घालणं, सगळं बंद. एकटं सोडू नका.

पण मुलं फोनच करत नाहीत. रेक्टर घरी कळवतील, खोली जाईल, ही भीती. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे बहुतेक जण आधीच नियमाबाहेर. म्हणून विद्यापीठाने लेखी सांगावं: मदत मागणाऱ्यावर आणि रुग्णावर त्या रात्रीसाठी शिस्तभंगाची कारवाई नाही. रखवालदाराला रेक्टरला न विचारता गेट उघडून रुग्णवाहिका आत घेण्याची मुभा हवी. प्रवेशावेळी घेतलेली व्यसनमुक्तीची शपथ मात्र फायलीत छान दिसते.