दोन नेफ्यांचा पडदा

पडद्याला नेफा, म्हणजे नाडी किंवा स्प्रिंग ओवायची दुमड, वर असतो, हे कुणीही सांगेल. आमच्या झोपायच्या गाडीच्या पडद्याला तो खालीही लागतो. वर एक स्प्रिंग, खाली एक स्प्रिंग. गाडीची भिंत सरळ उभी नसते, वर जाता जाता आत कलते. नुसता लोंबता सोडला तर पडदा काचेला धरून राहत नाही आणि मनसरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की सरळ तोंडावर येतो. काल दुपारी कूलरपुढे मशीन ओढून मी तो खालचा नेफा घालत होतो. शेजारच्या काकू ताक द्यायला आल्या, पडदा उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "हे काय वो भाऊ, दोन तोंडांचा परकर?"

काकूंना मुळात आमचं सगळंच विचित्र वाटतं. येवढं घर असून हे लोक टपात कायले झोपतात, हा त्यांचा जुना सवाल. त्यातून गाडी ही, म्हणजे बायको, चालवते आणि शिवणकाम मी करतो. आमच्या नागपुरात बर्डीवर कुठल्याही टेलरच्या दुकानात बघा, मशीनवर पुरुषच बसलेला असतो, त्याला कुणी हसत नाही. तोच पुरुष घरात, बनियनवर, स्वतःच्या उशीला अभ्रा शिवायला बसला की मात्र लोकांना ताक द्यायची आठवण होते.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं, म्हणजे चाकांवरच्या घरातून फिरण्याचं, धोरण आणलं तेव्हा हिनं ती बातमी कापून फ्रिजवर लावली होती. मी कात्रण वाचलं, मान डोलावली, विसरलो. मग एक दिवस दारात जुनी व्हॅन. आत काहीच नाही, नुसता पत्रा. ही म्हणाली, आता शिवा.

आणि मला तेच हवं होतं, हे तिला माझ्याआधी कळलेलं. फ्लॅटचे पडदे शिवायचे म्हणजे थानच्या थान कापड लागतं, उत्साह हॉलमध्येच संपतो. गाडीचं घर कसं, गांधीबागेतल्या एका फेरीत भागतं. गादीचा अभ्रा, उशा, सरकत्या दाराला मच्छरदाणीच्या कापडाचा पडदा, त्याला कडेनं वेल्क्रो. मग पिशव्या. कांद्याची वेगळी, चार्जरची वेगळी, चपलांची वेगळी, प्रत्येकीला नाडी. पिशव्यांच्या बाबतीत मी थोडा वाया गेलेलो आहे. ही म्हणते, एक दिवस तू मलाही पिशवीत घालून नाडी ओढशील.

आमच्याकडे हौसेला ऋतू आहेत. पारा ४५ च्या आसपास रेंगाळायला लागला की पत्र्याच्या गाडीत झोपण्याचं नाव काढायचं नाही, उन्हाळा शिवण्याचा. दिवाळी झाली की निघायचं. शनिवारी खिंडसी, कधी पेंचकडे एखाद्या रिसॉर्टच्या आवारात गाडी लावून मुक्काम, दोन दिवस जोडून मिळाले तर नवेगावबांध. तिथं मी करतो काय? तलावाकाठी खुर्ची टाकून सुटलेली काजं हातानं नीट करतो. पक्षी ही बघते.

हौस म्हणून घर चाकांवर चढवणाऱ्या पहिल्यावहिल्या लोकांत एक इंग्रजी आरमाराचा निवृत्त डॉक्टर होता, गॉर्डन स्टेबल्स नावाचा. त्यानं १८८५ मध्ये ब्रिस्टलला अशी गाडी बांधून घेतली. ओढायला दोन घोडे. बरोबर गाडीवान, एक नोकर, कुत्रा आणि काकाकुवा. अशा थाटात तो स्कॉटलंडपर्यंत गेला. त्याचे पडदे कुणी शिवले ते मला कुणी सांगावं!

आपल्याकडे मात्र फिरणं आणि शिवणं हे दोन्ही उद्योग फार आधीपासून एकत्र नांदत होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्याच्या कितीतरी आधीपासून बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून याच मुलखातून जात. त्या बायकांचं भरतकाम बघा. आरसे, कवड्या, टाक्यावर टाका. बैलाचं अंगसुद्धा उघडं सोडलेलं नाही. रेल्वे आली, माल तिकडे वळला, तांडे थांबले, शिवण राहिली. त्यांचं ते जगणं होतं, आमचा शनिवार-रविवार आहे, तेव्हा तुलना इथंच पुरे.

माझी पहिली गाडी महालातल्या वाड्यात होती. आईच्या पायमशीनखाली. बिडाचं स्टँड, बाजूला ते मोठं चाक, त्यावरून वर गेलेला चामडी पट्टा. वरून आई लुगडं सोडून द्यायची की झाला डबा तयार. कातरणांची गादी. चाक म्हणजे माझं स्टिअरिंग आणि आईचे पाय म्हणजे इंजिन. तिनं पायडल मारलं की कामठी, कन्हान, भंडारा रोड. ती थांबली की मी ओरडायचो, सिग्नल नाही! "बोट घालू नको रे पट्ट्यात," एवढंच वरून ऐकू यायचं, दातात टाचण्या धरलेल्या आवाजात.

यंत्रांवर एवढा राग असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला तेवढी सूट दिली होती. सिंगरनं बायकोचे कष्ट बघून ते बनवलं, त्यात प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. सिंगरच्या आधी, १८४६ मध्येच, एलियास हाऊनं पेटंट घेतलं होतं, आणि सिंगरसाहेबांचे तर एकाच शहरात एकाच वेळी अनेक संसार चालू होते. तेव्हा नेमक्या कोणत्या बायकोचे कष्ट, हे विचारायची सोय नाही. पण सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून मी गांधीजींची बाजू घेतो.

आईचे कष्ट मात्र त्या मशीननं कमी केले नाहीत. गल्लीभरच्या पोलक्यांनी वाढवलेच. रात्री जेवणं आटोपली की पुन्हा पायडल सुरू. त्या पायांनी किती अंतर कापलं असेल, आणि ती प्रत्यक्षात गेली कुठं? त्रिपुरी पौर्णिमेला रामटेक. तेही एसटीनं, उभ्यानं, संध्याकाळच्या आत परत, कारण कुणाचं तरी पोलकं द्यायचं असायचं.

असो. परवा ही म्हणाली, गाडीला उभ्या गाडीत चालणारा एसी बसवून घेऊ, बॅटरीवरचा. म्हणजे मे महिन्यातही निघता येईल. कल्पना वाईट नाही. खर्चाचंही बघता येईल. पण मग शिवायचं कधी?