ऑर्केस्ट्राचे कार्यकर्ते

भारतात पूर्ण वेळ काम करणारा व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकच आहे आणि तो पुण्यात नसून मुंबईत, नरिमन पॉइंटच्या ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’ (एनसीपीए) या कलाकेंद्रात आहे. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने २००६ साली ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला, आणि तेव्हापासून पुण्यातल्या आमच्यासारख्या श्रोत्यांना सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी अनेक भागांत रचलेली संगीतकृती, प्रत्यक्ष ऐकण्यासाठी एखादा परदेशी ऑर्केस्ट्रा दौऱ्यावर येण्याची वाट पाहावी लागत नाही. घाट उतरला की झाले. आम्ही या ऑर्केस्ट्राचे अधिकृत कोणी नाही. आमच्या गटाला नोंदणीकृत नाव नाही, लेटरहेड नाही आणि पावतीपुस्तकही नाही. निवृत्त बँक अधिकारी, डॉक्टर, शाळेतल्या शिक्षिका, व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांचे पालक आणि ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून पियानो आहे अशी कॅम्पातली पारशी व ख्रिस्ती कुटुंबे, असा हा मेळ आहे. मुंबईच्या मैफलींना एकत्र जाणे, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून ऐकणे, शाळांमध्ये वाद्ये दाखवणे आणि पुण्यात येणाऱ्या लहान वाद्यवृंदांसाठी पडेल ते काम करणे एवढाच आमचा कार्यक्रम आहे. या कामाकडे लोक हौस म्हणून पाहतात. माझे मत असे आहे की ऑर्केस्ट्रा नावाची वस्तू जगात जिथे जिथे टिकली आहे, तिथे ती अशाच कामावर टिकली आहे.

याचे कारण पैशाच्या हिशेबात आहे. बीथोव्हनची पाचवी सिम्फनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली, तेव्हा ती वाजवायला जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढीच माणसे आणि तेवढाच, म्हणजे सुमारे अर्ध्या तासाचा, वेळ आजही लागतो. कारखान्यात यंत्रे आली, बँकेत संगणक आले आणि एका माणसाच्या हातून होणारे काम कित्येक पटींनी वाढले. पण दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसलेल्या वादकाला आपला भाग दुप्पट वेगाने उरकता येत नाही. पगार मात्र त्यालाही आजच्या महागाईप्रमाणेच द्यावा लागतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली हे दुखणे नेमकेपणाने मांडले. तिकिटांच्या विक्रीतून ऑर्केस्ट्राचा खर्च निघत नाही, आणि हा कोणाच्या गैरव्यवस्थेचा दोष नसून त्या कलेच्या घडणीतच ते आहे. मग जर्मनीत सरकार पैसे घालते, अमेरिकेत देणगीदार घालतात, आपल्याकडे उद्योगपतींचे ट्रस्ट घालतात. परंतु देणगीदार असोत की सरकार, पैसे देणाऱ्याला सभागृहातल्या खुर्च्या भरलेल्या दिसाव्या लागतात, आणि खुर्च्या भरण्याचे काम पैशाने होत नाही.

फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा १९०० साली स्थापन झाला आणि चारच वर्षांत आर्थिक अडचणीत सापडला, तेव्हा १९०४ साली शहरातल्या महिलांनी एक समिती नेमून मोसमी तिकिटे खपवण्याचे आणि निधी जमवण्याचे काम अंगावर घेतले. पुढे अशा महिला समित्या अमेरिकेच्या गावोगावी निघाल्या. मला त्याहून अधिक जवळची वाटते ती लीटा स्नो यांची गोष्ट. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू या मध्यम आकाराच्या गावात त्यांनी १९२१ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि १९४२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अशा लहान गावांच्या ऑर्केस्ट्रांची माणसे शिकागोत एकत्र येऊन त्यांची राष्ट्रीय संघटना जन्माला आली. न्यूयॉर्क आणि बोस्टनला अशा आधाराची तितकी निकड नव्हती. ती कॅलमझूला होती. या संघटनांचे स्वयंसेवक आजही काय करतात ते पाहिले तर थक्क व्हायला होते. ते पाहुण्या वादकांना घरी उतरवून घेतात, मैफलीनंतर चहापान ठेवतात, सभासदांच्या पाककृतींची पुस्तके छापून विकतात, शाळांमध्ये वाद्ये घेऊन जातात, होतकरू वादकांसाठी स्पर्धा भरवतात आणि वर्षातून एकदा सहभोजन करतात. संगीताच्या दृष्टीने यातले निम्मे काम अवांतर वाटेल. पण सहभोजनाला येऊन ओळखी झालेला माणूस पुढच्या मैफलीला एकटा येत नाही, शेजाऱ्याला घेऊन येतो.

पुण्याला यात नवे काहीच नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. पूना गायन समाज १८७४ सालचा. भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाज स्थापन केला तो १९११ साली. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आज ज्या थाटाने होतो, त्यामागे मंडपात सतरंज्या घालणाऱ्या, रांगा लावणाऱ्या आणि पहाटेपर्यंत जागणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पिढ्या आहेत. गणेशोत्सवाबद्दल तर बोलायलाच नको. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता ज्या गावात घरटी सापडतो, त्या गावात व्हायोलिन-चेलोच्या मैफलीसाठी खुर्च्या मांडायला माणूस मिळू नये, असे होणार नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीत हे मूठभर उच्चभ्रूंचे खूळ आहे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि मला तो मान्य नाही. कॅम्पात दस्तूर शाळेच्या माझदा हॉलमध्ये या संगीताच्या मैफली होतात; तिथे एकदा जाऊन बसावे. सायकलवरून व्हायोलिनची पेटी पाठीला लावून आलेली मुले आणि त्यांना न्यायला आलेले आजोबा तिथे दिसतात.

खुर्च्यांचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्वयंसेवकाचे काम नेमके कशाने बनलेले असते ते त्यातून कळते. चार वादकांचे एक तंतुवाद्य-चतुष्टय पुण्यात येणार होते आणि हॉलची व्यवस्था आमच्याकडे होती. मंडपवाल्याकडे खुर्च्या भरपूर होत्या, पण सगळ्या हातांच्या. चेलो वाजवणारा वाद्य दोन गुडघ्यांमध्ये धरून बसतो आणि त्याचा उजवा हात कमानीसह बाजूला लांबवर जातो. खुर्चीला हात असतील तर त्याचे कोपर तिथेच अडते. व्हायोलिनवादकांचेही तेच. बैठक मागे उतरती असेल तर पाठ टेकली जाते आणि वादकाला पुढे सरसावून बसता येत नाही. शेवटी आमच्यातल्या एका कुटुंबाने आपल्या जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या, बिनहाताच्या आणि सपाट बैठकीच्या, रिक्षातून हॉलवर पाठवल्या आणि दोन दिवस ते घर जमिनीवर पाट मांडून जेवले. नंतर प्रश्न आला पंख्यांचा. पंखे लावले तर स्टँडवरची स्वरलिपीची पाने उडतात, बंद केले तर मे महिन्यात घामाने बोटे तारेवर घसरतात. त्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे हा सर्वोत्तम उपाय आहे; मात्र ते लाकडी असावेत, कारण प्लास्टिकचे चिमटे पान उलटताना टक्कन आवाज करतात आणि शांत भागात तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. पियानो असेल तर काम वाढते. वाद्य जागेवर आणल्यावर ते सुरात लावणाऱ्या कारागिराला दोन तास निखळ शांतता लागते, आणि त्या दोन तासांत झाडू मारणाऱ्या मावशींपासून माइकवाल्यापर्यंत सर्वांना नम्रपणे बाहेर थांबवणे ही जबाबदारी ज्याच्याकडे असते, त्याला मैफलीत सर्वांत चांगली जागा द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

वादकांच्या जेवणाखाण्यावर मी फार लिहीत नाही. वरणभात, तूप, लिंबू आणि बटाट्याची काचऱ्यांची भाजी हे कोणत्याही देशाच्या माणसाला मैफलीच्या दिवशी चालते, आणि मिसळ दुसऱ्या दिवशी खिलवावी.

महिन्याच्या बैठकीत आम्ही एकच रचना ऐकतो. आधी दहा मिनिटे कोणी तरी माहिती सांगतो, मग पूर्ण रचना, मध्ये न थांबता, आणि नंतर खाणे. माहिती दहा मिनिटांच्या वर जाऊ न देण्याचा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो, कारण जाणकाराने अर्धा तास बोलल्यावर नवख्याला वाटू लागते की आपल्याला हे कळणारच नाही. त्यापेक्षा कान कुठे ठेवायचा एवढे सांगितले तर पुरते. ड्वोर्झाक या चेक संगीतकाराची नववी सिम्फनी, जिला ‘न्यू वर्ल्ड’ म्हणतात आणि जी १८९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रथम वाजली, ती ऐकताना आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न या सनईच्या जातीच्या वाद्यावर येणारी संथ धून लक्षात ठेवा, ती शेवटच्या भागात निराळ्या रूपात परत भेटेल. आणि शेवटच्या भागात झांज एकदाच, तीही हळुवार वाजते, ती ऐकू येते का पाहा. सुमारे चाळीस मिनिटांच्या त्या रचनेत झांजेचा तो एकच आघात आहे. पुढे हीच सिम्फनी मुंबईत ऐकायला मिळाली तेव्हा आमची संपूर्ण रांग श्वास रोखून झांजवाल्याकडे पाहत होती, आणि तो उठून उभा राहिला तसे एका काकूंनी माझे मनगट घट्ट धरले.

टाळ्यांचा विषय आमच्यात दर वेळी निघतो. ख्यालाच्या मैफलीत वाढलेला पुणेकर श्रोता समेवर दाद दिल्याशिवाय राहू शकत नाही. चांगली जागा गेली आणि तोंडून ‘वा’ निघाले नाही तर त्याला स्वतःलाच अपराधी वाटते. त्याला सिम्फनीचे चार भाग संपेपर्यंत मुकाट बसायला सांगणे कठीण जाते, आणि पहिल्या भागानंतर त्याने टाळ्या वाजवल्या की आजूबाजूची माणसे वळून पाहतात. हे वळून पाहणे मला अत्यंत खटकते. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोठ्या आनंदाने कळवले आहे की त्याच्या नव्या सिम्फनीच्या पहिल्याच भागात, वादन चालू असताना, श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि ती जागा त्यांना आवडेल हे ओळखून त्याने ती पुन्हा आणली होती. भागांच्या मध्ये शांत बसण्याची रीत त्यानंतर पुष्कळ काळाने रुजली. रीत चांगली आहे, सलगपणा टिकतो, मी स्वतः ती पाळतो. मात्र नव्याने आलेल्या माणसाच्या टाळीला नाक मुरडणे म्हणजे त्याला परत न येण्याचे निमंत्रण देणे आहे. आमच्या गटात ठरले आहे की शेजारी नवखा असेल आणि त्याने टाळी वाजवली, तर त्याच्याकडे पाहून हसायचे, आणि रीत काय ती मध्यंतरात चहा घेताना सांगायची.

मुंबईला जाताना आम्ही बहुधा डेक्कन क्वीनने जातो, पण ती संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबईहून परत निघते, त्यामुळे येताना मिनीबस ठरवावी लागते. परतीच्या त्या प्रवासात खालापूरच्या फूड मॉलवर रात्री उशिरा वडापाव खाताना जी चर्चा होते, ती मला मैफलीइतकीच मोलाची वाटते. तिथे भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी ओबो या सनईसारख्या वाद्याच्या सुरावर सगळा ऑर्केस्ट्रा आपली वाद्ये का लावतो ते समजावले आहे, आणि व्हायोलिन शिकणाऱ्या एका नववीतल्या मुलीने दुसऱ्या रांगेतल्या वादकाच्या मनगटात काय वेगळे होते ते हातात चमचा धरून दाखवले आहे.

शाळांमधल्या उपक्रमात सर्वाधिक यश आले ते हॉर्नला. फ्रेंच हॉर्नची गुंडाळलेली नळी सरळ केली तर सुमारे बारा फूट भरते. हे नुसते सांगून मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. म्हणून आमच्यातले एक गृहस्थ बागेला पाणी घालायचा बारा फुटी पाइप नेतात, त्याच्या एका टोकाला स्वयंपाकघरातले नरसाळे आणि दुसऱ्या टोकाला हॉर्नचा माउथपीस बसवतात, दोन मुलांना पाइप ताणून धरायला सांगतात आणि फुंकतात. स्वर निघतो, अगदी ओळखू येण्याजोगा हॉर्नचा स्वर, आणि ओठ आवळले की त्याच पाइपातून वरचा स्वर निघतो. त्यानंतर खरे वाद्य पेटीतून बाहेर काढले की मुले त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहतात, आणि प्रत्येकाला ते हातात घ्यायचे असते. घेऊ द्यावे. पुसायला फडके आणि थोडा धीर एवढेच त्यासाठी लागते.

या शाळाभेटींतून आणि शिकवण्यांतून पुण्यात तंतुवाद्ये शिकणारी मुले आता चांगल्या संख्येने तयार होत आहेत, पण त्यातली बहुतेक सर्व व्हायोलिनकडे जातात. व्हायोला कोणी घेत नाही. हे वाद्य व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, सा ते प एवढ्या अंतराने खालचे, त्याची स्वरलिपीही वेगळ्या चिन्हाने वाचावी लागते, आणि पालकांना त्याचे नाव माहीत नसते. मात्र व्हायोलाशिवाय मुलांचा तंतुवृंद मधल्या सप्तकात पोकळ वाजतो. दोन मुलींनी व्हायोलिनवरून व्हायोलावर जाण्याची तयारी दाखवली आहे, त्यांच्या शिक्षकांची संमती आहे, अडचण फक्त वाद्याची आहे. त्यासाठी या महिन्यापासून गटात वर्गणी जमवायला सुरुवात केली आहे. वाद्य गटाच्या मालकीचे राहील, शिकणाऱ्या मुलीला ते बिनभाड्याने घरी नेता येईल आणि तारा बदलण्याचा खर्च गट करील, असे ठरले आहे. एका वाद्यापुरती रक्कम जमत आली आहे. दुसऱ्याची व्हायची आहे.