बेजबरी पाइनेटम: शरदातली नोंद

इंग्लंडमध्ये केंटला बेजबरी पाइनेटम आहे, म्हणजे सूचिपर्णी (सुईसारख्या पानांच्या) झाडांचा संग्रह. तिथे मी ही झाडं ओळखायला शिकतोय. पाइन बऱ्यापैकी हाताखालून गेले. एका जुडीत सुया दोन, तीन की पाच, हे पाहिलं की निम्मं काम होतं. हिमालयातला निळा पाइन पाच सुयांचा, चीड तीन सुयांचा. म्हणून शरदात फर आणि स्प्रूस ही दुसरी सूचिपर्णी झाडं घ्यायचं ठरवलं, आणि तिथे सुयांपेक्षा डहाळीच जास्त बोलते असं लक्षात आलं.

स्प्रूसची सुई गळली की तिच्या बुडाची बारीक खुंटी डहाळीवरच राहते. त्यामुळे जुनी, उघडी डहाळी बोटाला कानशीसारखी खरखरीत लागते. फरची सुई गळते तिथे सपाट गोल वण उरतो, डहाळी गुळगुळीत. शंकूही, म्हणजे बिया धरणारे खवल्यांचे बोंड, पाहावेत: स्प्रूसचे खाली लोंबतात आणि अख्खे पडतात. फरचे फांदीवर उभे असतात आणि झाडावरच सुटे होतात, त्यामुळे फरचा अख्खा शंकू जमिनीवर क्वचितच दिसतो. डग्लस फर मात्र नावापुरताच फर. त्याचे शंकू लोंबतात आणि खवल्यांमधून तीन टोकांची जीभ बाहेर डोकावते. ‘ओल्ड मॅन ऑफ केंट’ हा इथला उंच ग्रँड फर. त्या जातीची सुई चुरगळली की संत्र्याच्या सालीचा वास येतो!

हे सगळं हाताच्या उंचीवर शिकता येतं, यामागे एक दुःखद कारण आहे. लंडनच्या धुरात सूचिपर्णी नीट वाढेनात, म्हणून लंडनचं क्यू वनस्पती उद्यान आणि फॉरेस्ट्री कमिशन या सरकारी वनसंस्थेने मिळून 1925 मध्ये हा संग्रह केंटच्या या ओलसर, वळणावळणाच्या खोऱ्यात उभारायला घेतला. विल्यम डॅलिमोर यांनी तो घडवला. ऑक्टोबर 1987 च्या वादळात जवळजवळ चौथा हिस्सा झाडं गेली. त्यानंतरच्या लागवडीमुळे आज जुन्या धिप्पाड झाडांच्या जोडीला तरुण झाडंही आहेत, आणि शिकणाऱ्याला खालच्या फांद्या लागतातच.

सध्या सगळ्यात रमलोय ते पानगळीच्या जोडीत: डॉन रेडवुड आणि स्वॅम्प सायप्रस. दोन्ही विटकरी रंगावर आलीत, लांबून अगदी सारखी. पण डॉन रेडवुडची पानं समोरासमोर असतात, स्वॅम्प सायप्रसची एकाआड एक. पानं झडायच्या आत दोन्हींची चित्रं वहीत काढून घेतली. डॉन रेडवुड शास्त्रज्ञांना आधी जीवाश्मातून माहीत झाला आणि जिवंत झाडं चीनमध्ये नंतर ओळखली गेली. 1948 मध्ये त्याचं बी जगभर पोचलं. असं झाड समोर उभं असताना पुढे सरकवत नाही.

जाता जाता, कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू तसा दिसला तरी सूचिपर्णींच्या यादीत येत नाही, तो सपुष्प आहे.

हिवाळ्यात लार्च घेणार, हेही पानं झडणारं सूचिपर्णी झाड. जपानी लार्चच्या कोवळ्या डहाळ्या तांबूस, युरोपीय लार्चच्या फिकट पिवळट. जपानीच्या शंकूची खवलं कडेला बाहेर वळलेली. पानं नसताना एवढ्यावर ओळख पटते का, ते पाहायचंय.